धंद्याचं नाव ठरवताना: सातारा-सांगलीतल्या नव्या व्यावसायिकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मसाला कांडप, पेढ्यांचं दुकान, बेदाण्याचं पॅकिंग, बुटीक, क्लासेस, गॅरेज, होमस्टे यांपैकी काहीही नव्यानं सुरू करताना नावाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. उदाहरणादाखल वापरलेली नावं केवळ समजावण्यासाठी आहेत. पाटी रंगवायला आणि पाउच छापायला देण्याआधी हे वाचलंत तर सर्वांत जास्त उपयोग होईल.

शॉप अ‍ॅक्ट झाला, उद्यम प्रमाणपत्र आलं, जीएसटी नंबरही मिळाला. आता हे नाव माझंच झालं ना?

नाही. सर्वांत जास्त लोक याच गैरसमजात अडकतात, म्हणून हा प्रश्न पहिला घेतला. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 खालची नोंद कामगारांच्या सेवाशर्तींसाठी असते. उद्यम नोंदणी लघुउद्योगाची ओळख पटवण्यासाठी असते आणि जीएसटी करवसुलीसाठी. हेच नाव दुसऱ्या कुणाच्या मालकीचं आहे का, हे यांपैकी एकही यंत्रणा तपासत नाही. एकाच नावानं मिरजेत एक, विट्यात एक आणि कराडात एक असे तीन शॉप अ‍ॅक्ट निघू शकतात, तिघांनाही जीएसटी मिळू शकतो. संगणकानं अर्ज स्वीकारला याचा अर्थ सरकारनं नाव मंजूर केलं असा होत नाही.

या कागदांना किंमत नाही असं मात्र समजू नका. तुम्ही अमुक तारखेपासून हे नाव वापरत आहात हे दाखवायला ते पुरावा म्हणून उपयोगी पडतात. ते नीट जपा.

मग नावावर हक्क कशानं येतो?

दोन गोष्टींनी: आधी आणि सलग वापर केल्यानं, आणि ट्रेडमार्क (मालाची किंवा सेवेची ओळख पटवणारं नाव किंवा चिन्ह) नोंदणीनं.

वापरातून मिळणारा हक्क नोंदणीशिवायही टिकतो. दुसऱ्याच्या नावलौकिकावर स्वतःचा माल खपवायला कायद्यात ‘पासिंग ऑफ’ म्हणतात आणि त्याविरुद्ध दावा लावता येतो. अहमदाबादच्या ‘मुक्तजीवन’ या कलर लॅब-स्टुडिओच्या नावावरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयानं 2001 साली हेच तत्त्व लावून आधीपासून नाव वापरणाऱ्याच्या बाजूनं मनाई हुकूम दिला. म्हणजे हे संरक्षण फक्त मोठ्या कंपन्यांसाठी आहे असं नाही, फोटो स्टुडिओलाही ते मिळतं. अडचण एवढीच की पासिंग ऑफमध्ये आपला लौकिक आहे, लोकांची फसगत होते आहे आणि त्यामुळे नुकसान होतं आहे, हे सगळं तुम्हाला सिद्ध करावं लागतं. नोंदणी असेल तर हे ओझं बरंच हलकं होतं आणि हक्क भारतभर लागू होतो.

याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. ट्रेडमार्कच्या यादीत नाव सापडलं नाही, तरी शेजारच्या तालुक्यात वीस वर्षं तेच नाव वापरणारा कुणी असेल तर तो तुम्हाला अडवू शकतो.

कोणतं नाव सुरक्षित?

जे नाव ऐकून माल काय आहे हे थेट कळत नाही, ते. दुकानदाराला हे उलटं वाटतं, कारण गिऱ्हाइकाला पाटी वाचताच कळावं अशी त्याची इच्छा असते. ती इच्छा चुकीची नाही, पण ते काम नावाखालच्या ओळीनं करायचं असतं.

साताऱ्यात ‘कंदी पेढेवाले’ किंवा सांगलीत ‘झणझणीत भडंग’ हे नाव घेतलंत तर त्यातला एकही शब्द तुमचा होत नाही. कंदी पेढा हा पदार्थ आहे, झणझणीत हा त्याचा गुण आहे. ट्रेडमार्क कायदा, 1999 च्या कलम 9 नुसार मालाचा प्रकार, दर्जा, प्रमाण, उपयोग किंवा उगमस्थान एवढंच सांगणाऱ्या नावाची नोंदणी नाकारली जाते. उद्या समोरच कुणी ‘सुपर झणझणीत भडंग’ अशी पाटी लावली तर तुमच्या हातात काही नसतं. अशा नावाला कालांतरानं वेगळी ओळख मिळू शकते, पण त्यासाठी वर्षानुवर्षांची विक्री, जाहिराती आणि बिलं न्यायालयापुढे मांडावी लागतात. नव्या धंद्यानं त्या भरवशावर राहू नये.

याच्या एक पायरी वर सूचक नावं येतात. शेवयांसाठी ‘रेशीमधार’ घ्या. पदार्थ थेट सांगितलेला नाही, पण विचार केला की धागा जुळतो. अशी नावं बहुधा नोंदतात आणि गिऱ्हाइकाच्या लक्षातही राहतात. त्याहून भक्कम म्हणजे मालाशी काहीच संबंध नसलेला शब्द, उदाहरणार्थ कपड्यांच्या दुकानाला ‘पाणकोंबडी’. सर्वांत भक्कम नाव म्हणजे स्वतः घडवलेला, कोशात नसलेला शब्द. आईच्या आणि मुलीच्या नावातली अक्षरं जोडून केलेली नावं या गटात मोडतात, फक्त तयार झालेला शब्द आधीच कुणाचा नाही ना हे पाहावं लागतं.

आमचं मत विचाराल तर सूचक नाव घ्या आणि खाली लहान अक्षरांत माल लिहा: ‘रेशीमधार’, खाली ‘हातशेवया, कुरडया, पापड’. गिऱ्हाईकही चुकत नाही आणि नावही तुमच्याकडे राहतं. ‘ओम’, ‘श्री’, ‘न्यू’, ‘साई’, ‘समृद्धी’, ‘वैभव’, ‘प्रगती’ हे शब्द इतके वापरून झालेत की त्यांच्यावर एकट्याची मालकी सांगणं कठीण आणि त्यांवरून भांडण लागणं मात्र सोपं.

गावाचं, नदीचं किंवा किल्ल्याचं नाव घेतलं तर?

वापरायला साधारणपणे हरकत नसते, पण त्यावर हक्क मिळणं अवघड असतं. ‘सातारा’, ‘सांगली’, ‘कृष्णाकाठ’, ‘कोयना’, ‘अजिंक्यतारा’, ‘महाबळेश्वर’ हे शब्द सगळ्यांचे आहेत. त्या भागातल्या इतरांनाही ते लागतातच. शिवाय ही नावं सहकारी संस्था, पतसंस्था, कारखाने, लॉज, ट्रॅव्हल्स या सगळ्यांनी आधीच घेतलेली असतात, त्यामुळे गोंधळाची शक्यता वाढते. गावाचं नाव हवंच असेल तर एखाद्या वेगळ्या, स्वतःच्या शब्दाला ते जोडून घ्या. जोर त्या शब्दावर राहू द्या.

एक बंधन थेट कायद्यातलं आहे. जिथे दारू विकली किंवा दिली जाते, त्या आस्थापनेला महापुरुषांची, थोर स्त्रियांची किंवा गडकिल्ल्यांची नावं देता येत नाहीत. 2022 च्या दुरुस्तीनं आस्थापना अधिनियमात हे आलं. बार किंवा परमिट रूम काढणाऱ्यांनी प्रतापगड, सज्जनगड, अजिंक्यतारा ही नावं विचारातही घेऊ नयेत.

‘सांगली हळद’ किंवा ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ हा ब्रँड म्हणून घेता येईल का?

नाही. ही भौगोलिक मानांकनं आहेत, म्हणजे ठरावीक भागातल्या, ठरलेल्या निकषांच्या मालालाच लावता येणारी नावं. सांगलीची हळद, सांगलीचा बेदाणा, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, कोरेगाव भागातला वाघ्या घेवडा आणि मिरजेचे सतार-तंबोरे यांना मानांकन मिळालेलं आहे. मानांकन असलेलं नाव कुणा एकाचा ट्रेडमार्क होऊ शकत नाही. दुसरीकडची हळद आणून पाकिटावर ‘सांगली हळद’ छापली तर तो मानांकनाचा भंग ठरतो आणि त्यात फौजदारी कारवाईही होऊ शकते.

तुमचा माल खरोखर त्या भागातला असेल आणि ठरलेल्या निकषांत बसत असेल, तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवा. ही नोंदणी चेन्नईच्या मानांकन नोंदणी कार्यालयात होते. मग पाकिटावर तुमचा स्वतःचा ब्रँड मोठा आणि त्याखाली मानांकनाचं नाव, अशी मांडणी करता येते. ही जोडी फार ताकदीची आहे, आणि हळद-बेदाणा विकणाऱ्या नव्या उद्योजकांनी ती जरूर साधावी.

कुलदैवताचं नाव ठेवायचं आहे.

ठेवा, पण त्यावर आपला एकट्याचा हक्क राहील असं समजू नका. ‘रामायण’ हे नाव उदबत्त्यांसाठी एकट्याला मिळावं या मागणीवर सर्वोच्च न्यायालयानं 2015 साली नकार दिला. धर्मग्रंथाच्या नावावर कुणी एकटा मक्ता सांगू शकत नाही, असं त्यात स्पष्ट झालं. यमाई, काळूबाई, खंडोबा, गणपती या नावांचं तसंच. मालाचा प्रकारही पाहा. धार्मिक भावना दुखावतील असं चिन्ह नोंदवलं जात नाही, त्यामुळे चपला, अंतर्वस्त्रं, मांस किंवा मद्य यांना देवाचं नाव देऊ नये.

शिवछत्रपतींचं नाव देता येईल का?

सातारा ही मराठ्यांच्या राज्याची राजधानी होती, त्यामुळे ही इच्छा इथे अनेकांना होते. पण बोधचिन्हे व नावे (अनुचित वापरास प्रतिबंध) अधिनियम, 1950 च्या अनुसूचीत छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा गांधी, पंडित नेहरू आणि इंदिरा गांधी यांची नावं आणि चित्रं आहेत. ‘शिवाजी’, ‘गांधी’, ‘नेहरू’ हे नुसते शब्दही त्यात आहेत. केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी ते वापरायला मनाई आहे. आजूबाजूला अशा पाट्या दिसतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. मालकाचं स्वतःचं नाव शिवाजी असलं, तरी ट्रेडमार्कच्या अर्जावर हरकत येणार हे धरून चाला आणि दुसरा शब्द निवडा. अशोकस्तंभ, राष्ट्रध्वज किंवा सरकारी योजनेसारखं दिसणारं चिन्ह यांनाही हेच लागू.

माझं स्वतःचं आडनाव वापरण्यापासून मला कोण अडवणार?

ट्रेडमार्क कायद्याचं कलम 35 प्रामाणिकपणे स्वतःचं नाव वापरणाऱ्याला संरक्षण देतं. ‘प्रामाणिकपणे’ या शब्दावर मात्र सगळा भर आहे. त्याच मालासाठी त्याच आडनावाचा प्रसिद्ध ब्रँड आधीपासून असेल आणि तुम्ही त्याच रंगात, त्याच वळणाच्या अक्षरांत पाटी केली, तर ‘हे माझंच आडनाव आहे’ या उत्तरानं भागत नाही. ‘महेंद्र अँड महेंद्र पेपर मिल्स’ला ‘महिंद्रा अँड महिंद्रा’च्या दाव्यात मनाई झाली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती कायम ठेवली. पाटील, जाधव, शिंदे, पवार, कदम अशा आडनावांच्या बाबतीत उलटी अडचण येते. ती इतकी सर्रास आहेत की एकट्या आडनावाला वेगळेपणा मिळत नाही. आडनावाला दुसरा शब्द जोडा.

नाव आधीच कुणाचं आहे का, हे कसं शोधायचं?

दोन-तीन तास बसून घरीच करता येतं, आणि ट्रेडमार्कचा सार्वजनिक शोध फुकट आहे. एक नाव धरून बसू नका, चार-पाच नावांची यादी घेऊन बसा. पहिली दोन बहुधा गळतात.

सुरुवात आयपी इंडियाच्या, म्हणजे सरकारच्या ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावरच्या ‘पब्लिक सर्च’पासून करा. तिथे आपल्या मालाचा वर्ग क्रमांक (वर्गांची यादी पुढे दिली आहे) घालून ‘वर्डमार्क’ निवडायचा. ‘स्टार्ट विथ’ आणि ‘कंटेन्स’ या दोन्ही पर्यायांनी शोधा, कारण तुमचा शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटात दडलेला असू शकतो. मग ‘फोनेटिक’, म्हणजे उच्चारावरून शोध करा.

मराठी शब्दांच्या बाबतीत घोटाळा होतो तो रोमन स्पेलिंगचा. ‘समृद्धी’ लिहिताना कुणी ‘रु’ लिहितं, कुणी ‘री’. ‘द्ध’साठी कुणी एक डी घालतं, कुणी दोन, कुणी पुढे एच जोडतं. शेवटी कधी आय, कधी डबल ई, कधी वाय. एकाच स्पेलिंगवर शोध थांबवला तर बाकीची नावं दिसतच नाहीत. प्रत्येक नावाची निदान पाच-सहा स्पेलिंगं कागदावर लिहून एकेक तपासा. व-ब, श-स आणि ऱ्हस्व-दीर्घ यांची अदलाबदल करून पाहा. हिंदीतलं रूपही बघा, कारण उत्तरेतल्या कंपनीनं तोच शब्द हिंदी उच्चारानं नोंदवलेला असू शकतो. आपल्या नावाच्याच अर्थाचा दुसरा शब्द असेल तर तोही तपासून घ्या.

यादीत नावापुढची स्थिती नीट वाचा. ‘रजिस्टर्ड’चा अर्थ उघड आहे. ‘ऑब्जेक्टेड’ म्हणजे नाकारलेलं असं अनेक जण समजतात, ते चुकीचं आहे. कार्यालयानं शंका काढली आहे, अर्ज जिवंत आहे आणि उत्तर समाधानकारक असेल तर पुढे सरकणार आहे. ‘अपोज्ड’ म्हणजे तिसऱ्यानं विरोध केलाय. ‘अबॅन्डन्ड’ म्हणजे अर्ज सोडून दिला गेला, पण अर्जदारानं नाव वापरणं थांबवलंय असं नाही. तो अजून धंदा करत असेल तर पासिंग ऑफचा धोका तसाच राहतो. ‘रिमूव्ड’ दिसलं तर बहुधा नूतनीकरण झालेलं नसतं. तरी काढल्यानंतर एक वर्ष ते चिन्ह नोंदीत असल्यासारखंच धरलं जातं.

यानंतर कंपनी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनी आणि एलएलपींची (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारी संस्थांची) नावं तपासा. मग गूगल मॅप्स, इन्स्टाग्राम आणि ऑनलाइन विक्रीची ॲप्स. शेवटी जुन्या पद्धतीचा शोध: मार्केट यार्डात, पोवई नाक्यावर, गणपती पेठेत, आपल्या मालाच्या घाऊक व्यापाऱ्याकडे आणि पॅकिंग छापणाऱ्याकडे विचारा. नोंदणी न केलेली पण पंधरा-वीस वर्षं चाललेली नावं संगणकावर सापडत नाहीत. पाउच छापणाऱ्याला मात्र ती पाठ असतात.

प्रत्येक शोधाचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा. पुढे वाद झाला तर तुम्ही प्रामाणिकपणे चौकशी केली होती हे दाखवता येतं.

एखादं अक्षर बदललं किंवा पुढे ‘न्यू’ लावलं तर चालेल?

बहुतेक वेळा नाही. तुलना दोन नावं शेजारी ठेवून, भिंगातून केली जात नाही. साधारण बुद्धीच्या, नाव अर्धवट आठवणाऱ्या गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल का, हे पाहिलं जातं. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ या दोन औषधांच्या वादात सर्वोच्च न्यायालयानं अगदी याच कसोटीनं नावं फसवी सारखी ठरवली. पहिला अर्धा भाग पूर्ण वेगळा असूनही. त्या निकालात लक्ष्मणधाराला नोंदणी मिळाली ती फक्त उत्तर प्रदेशापुरती, कारण तिथल्या वापराकडे समोरच्यानं दीर्घकाळ डोळेझाक केली होती. ‘न्यू’, ‘ओरिजिनल’, ‘नंबर वन’, ‘सन्स’, ‘अँड कंपनी’, शेवटी ‘ज्’ लावणं, जोडाक्षर तोडणं, यांनी नाव वेगळं होत नाही. उलट मूळ नाव माहीत असूनच तुम्ही जवळ गेलात, असा त्याचा अर्थ लावला जातो.

तेच नाव, पण धंदा वेगळा असेल तर?

इथे जागा आहे, पण माप काळजीपूर्वक घ्यावं लागतं. कर्नाटकच्या दूध महासंघाचं ‘नंदिनी’ आणि बंगळुरूच्या एका रेस्टॉरंटचं ‘नंधिनी’ यांच्या वादात 2018 साली सर्वोच्च न्यायालयानं रेस्टॉरंटच्या बाजूनं निर्णय दिला. माल वेगळा होता, चित्र-अक्षरांची धाटणी वेगळी होती आणि दोघंही अनेक वर्षं नाव वापरत होते. पण दूध आणि दुग्धजन्य पदार्थांसाठी ते नाव रेस्टॉरंटला मिळालं नाही. ट्रॅक्टर दुरुस्ती आणि ब्युटी पार्लर यांचं नाव एक असलं तर सहसा कुणाचं बिघडत नाही. मसाले आणि लोणची, कपडे आणि चपला, क्लासेस आणि शाळा यांत मात्र गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच मालकाचे वाटतात. देशभर प्रसिद्ध असलेल्या नावाला तर सगळ्याच धंद्यांत संरक्षण मिळतं, तिथे ही पळवाट बंद आहे.

तो दिल्लीत, मी जतमध्ये. त्याला काय कळणार?

कळतं, कारण तुमचं इन्स्टाग्राम पान दिल्लीतही उघडतं. नोंदणी भारतभर लागू असते. शिवाय ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 134 नुसार नोंदणीधारक स्वतः जिथे राहतो किंवा धंदा करतो तिथल्या न्यायालयात दावा लावू शकतो. म्हणजे वकील, तारखा आणि प्रवास हे सगळं तुम्हाला दिल्लीचं पडतं. छोट्या उद्योगाला निकालापेक्षा हा खर्चच जास्त बुडवतो.

कोणते शब्द नावात घालताच येत नाहीत?

‘बँक’, ‘बँकर’, ‘बँकिंग’ हे शब्द बँकिंग कायद्यानं राखीव आहेत. ‘सहकारी’ हा शब्द नोंदलेल्या सहकारी संस्थेलाच लावता येतो. क्लासेसना ‘विद्यापीठ’ किंवा ‘युनिव्हर्सिटी’ म्हणता येत नाही. वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी नसताना ‘आर्किटेक्ट’ लावता येत नाही. सरकारची मान्यता आहे असा भास करणारी नावं भागीदारी, कंपनी आणि ट्रेडमार्क या तिन्हीकडे अडतात. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला ‘प्रायव्हेट लिमिटेड’ किंवा ‘लिमिटेड’ लावणं हाही गुन्हा आहे.

खाद्यपदार्थाच्या नावात ‘शुद्ध’, ‘अस्सल’, ‘नैसर्गिक’ चालेल?

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2018 च्या जाहिरात व दावे नियमांनुसार ब्रँडच्या नावातच असे शब्द असतील आणि त्यांनी ग्राहकाची दिशाभूल होण्याची शक्यता असेल, तर लेबलवर ‘हे केवळ ब्रँडचे नाव किंवा ट्रेडमार्क आहे, मालाचे खरे स्वरूप नव्हे’ अशा अर्थाची सूचना किमान 3 मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत द्यावी लागते. ‘शुद्ध’ म्हणून नाव घ्यायचं आणि खाली ते खरं नाही असं छापायचं, ही वेळ का आणायची? ‘ऑरगॅनिक’ किंवा ‘सेंद्रिय’ म्हणून माल विकायचा तर प्रमाणीकरण लागतं. हा शब्द नावात सहज घालू नका.

कोणत्या वर्गात अर्ज करायचा?

एकूण 45 वर्ग आहेत: 1 ते 34 मालाचे, 35 ते 45 सेवांचे. आपल्या भागात नेहमी लागणारे असे: हळद, मसाले, गूळ, पीठ, भडंग, पापड, मिठाई यांना 30, बेदाणा, लोणचं, जॅम, खाद्यतेल, दूध-तूप यांना 29, ताजी द्राक्षं, स्ट्रॉबेरी, बियाणं यांना 31, खतांना 1, कीटकनाशकांना 5, कपडे-चपलांना 25, दागिन्यांना 14, किरकोळ विक्रीच्या दुकानाला 35, गॅरेज आणि बांधकामाला 37, ट्रॅव्हल्सला 39, क्लासेसना 41, हॉटेल, खानावळ, होमस्टे यांना 43, सलूनला 44.

नेहमीची चूक अशी: स्वतःचा मसाला स्वतःच्या दुकानात विकणारा फक्त 35 मध्ये अर्ज करतो आणि पाकिटावरचं नाव उघडं राहतं. पैसे एकाच वर्गापुरते असतील तर पाकीट ज्या वर्गात येतं तो आधी घ्या.

अर्जाला किती खर्च येतो आणि तो कुठे अडतो?

व्यक्ती, स्टार्टअप आणि लघुउद्योग यांना ऑनलाइन अर्जाची सरकारी फी प्रत्येक वर्गाला ₹4,500, इतरांना ₹9,000. भागीदारी किंवा कंपनीला सवलत हवी तर उद्यम प्रमाणपत्र जोडावं लागतं. अर्ज टीएम-ए या नमुन्यात होतो. आपल्यासाठी मुंबईचं कार्यालय आहे. नाव देवनागरीत असेल तर रोमन लिप्यंतर आणि इंग्रजी अर्थ द्यावा लागतो. आधीपासून वापर असल्याचं सांगितलंत तर तारखेसह प्रतिज्ञापत्र आणि बिलं जोडावी लागतात. ही तारीख कधीही वाढवून सांगू नका. वादात पहिली तीच तपासली जाते आणि खोटी ठरली तर सगळा अर्ज संशयात येतो. वापर अजून सुरू नसेल तर ‘प्रपोज्ड टू बी युज्ड’ लिहा.

अर्ज भरताच नंबर मिळतो. तो नंबर म्हणजे नोंदणी नव्हे, एजंट काहीही म्हणो. पुढे तपासणी अहवाल येतो आणि त्याला एका महिन्याच्या आत उत्तर द्यावं लागतं. मग नाव दर सोमवारी निघणाऱ्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापलं जातं. तिथून 4 महिने कुणीही विरोध करू शकतं. विरोध आला तर 2 महिन्यांत प्रतिउत्तर गेलंच पाहिजे, नाहीतर अर्ज सोडून दिला असं धरलं जातं. कुणी विरोध केला नाही तर प्रमाणपत्र मिळतं. ते अर्जाच्या तारखेपासून 10 वर्षं चालतं आणि दर 10 वर्षांनी वाढवता येतं.

बरेचसे अर्ज नाव वाईट म्हणून मरत नाहीत, अहवालाचा ईमेल कुणी उघडलाच नाही म्हणून मरतात. अर्जावर एजंटचा ईमेल असतो, आणि एजंट बदललेला किंवा विसरलेला असतो. दर पंधरा दिवसांनी स्वतः अर्ज क्रमांक टाकून स्थिती पाहा. नाव जर्नलमध्ये आलं की ‘नूतनीकरण’ किंवा ‘आंतरराष्ट्रीय नोंद’ यांच्या नावाखाली पैसे मागणारी खासगी पत्रंही येऊ शकतात. अधिकृत संकेतस्थळावर खात्री केल्याशिवाय पैसे भरू नका.

शब्द नोंदवावा की लोगो?

नाव भक्कम असेल तर शब्द, कारण तो कोणत्याही अक्षरात, रंगात तुमचाच राहतो. नाव वर्णनात्मक असेल तर एजंट ‘लोगो करून टाकू, पास होईल’ म्हणतात. पास होतोही, पण मग संरक्षण त्या संपूर्ण चित्राला मिळतं, त्यातल्या शब्दाला नाही. लोगो दुसऱ्याकडून काढून घेतला असेल तर त्याचे हक्क लेखी आपल्या नावावर करून घ्या. फुकटच्या साच्यातला लोगो दहा जणांकडे असतो, तो नोंदवायच्या भानगडीत पडू नका.

पाटी कोणत्या लिपीत हवी?

मराठीत, देवनागरीत. दुसरी लिपी चालते, पण मराठी अक्षरं तिच्यापेक्षा लहान नकोत. नियम मोडल्यास दंड आहे. म्हणून नाव देवनागरीत कसं दिसतं, वाचताना जीभ अडखळते का, हे पाहूनच ठरवा. जीएसटी असेल तर पाटीवर जीएसटी क्रमांकही लागतो.

प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी काढली तर नाव सुरक्षित होतं का?

फक्त त्याच नावाची दुसरी कंपनी निघत नाही, इतकंच. कंपनीसाठी ‘स्पाइस प्लस’ या ऑनलाइन अर्जाच्या पहिल्या भागात ₹1,000 भरून दोन नावं सुचवता येतात, मंजूर नाव 20 दिवस राखून ठेवलं जातं. अनेकवचन, विरामचिन्हं, स्पेलिंगमधला फरक किंवा शब्दांची उलटापालट यांनी नाव वेगळं धरलं जात नाही. नाव मंजूर झाल्यानंतरही ट्रेडमार्कधारकानं कंपनीच्या स्थापनेपासून 3 वर्षांच्या आत अर्ज केला, तर नाव बदलण्याचा आदेश निघू शकतो.

आम्ही दोघे भाऊ मिळून सुरू करतोय. नाव कुणाच्या नावावर करावं?

हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा. आजोबांच्या नावाचं दुकान वाटणीनंतर तीन पाट्यांखाली चालतं, तिघंही ‘मूळ दुकान’ लिहितात आणि पुढची पिढी न्यायालयात जाते. भागीदारी पत्रात चार ओळी स्पष्ट लिहा: नाव आणि लोगो फर्मचे की एकाचे, बाहेर पडणाऱ्याला नाव वापरता येईल का, फर्म मोडली तर नाव कुणाकडे आणि किती मोबदल्यात, आणि दुसऱ्या गावात शाखा काढण्याचा हक्क कुणाला. भागीदारी कायद्यानुसार, वेगळं ठरलेलं नसेल तर बाहेर पडलेल्या भागीदाराला फर्मचं नाव वापरता येत नाही. हे माहीत नसल्यानं नात्यांत कटुता येते. ट्रेडमार्कचा अर्ज फर्मच्या पैशानं आणि एका भावाच्या नावानं करू नका. भागीदारी नोंदवूनही घ्या. नोंद नसलेल्या फर्मला करारावरून दावा लावताना अडचण येते.

नावाबद्दल वकिलाची नोटीस आली. आता?

घाबरून त्याच दिवशी माफीचं पत्र पाठवू नका, आणि नोटीस ड्रॉवरमध्येही टाकू नका. नोटिशीतला नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासा: वर्ग कोणता, नोंदणी चालू आहे का, वापराची तारीख काय. मग तुमची सर्वांत जुनी बिलं, पाटीचे फोटो, ट्रान्सपोर्टच्या पावत्या आणि जाहिराती काढा. समोरच्याच्या वापराच्या किंवा नोंदणीच्या, यांतल्या आधीच्या तारखेच्याही आधीपासून तुमचा सलग वापर असेल, तर ट्रेडमार्क कायद्याचं कलम 34 तुम्हाला संरक्षण देतं. तसं नसेल आणि सारखेपणा उघड असेल, तर उरलेला माल खपवायला मुदत मागून नाव बदलण्याची बोलणी करणं स्वस्त पडतं. दाव्याची शक्यता दिसली तर न्यायालयात कॅव्हेट, म्हणजे ‘आमचंही ऐका’ असा आगाऊ अर्ज दाखल करा. ते 90 दिवस चालतं आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय एकतर्फी मनाई मिळणं अवघड होतं.

नावापुढे ‘टीएम’ आणि वर्तुळातला ‘आर’ कधी लावायचा?

‘टीएम’ आज, अर्ज केलेला नसतानाही लावता येतो. वर्तुळातला ‘आर’ प्रमाणपत्र हातात आल्यावरच लावायचा. आधी लावला तर तो नोंदणीचा खोटा दावा होतो आणि त्याला कायद्यात दंड आहे. पाउचचा सिलिंडर बनवायला देताना डिझायनर सवयीनं तो ‘आर’ टाकून देतात, म्हणून छपाईच्या प्रूफमध्ये नावाचा उजवा वरचा कोपरा स्वतः तपासा.